फोन असताना प्लेअर कशाला?

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि काही महिन्यांत मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की, गाणं ही पैसे मोजून घ्यायची गोष्ट आहे हे नव्या पिढीला सांगूनही पटेना. अशा वेळी गाणी ऐकण्यासाठी वेगळं यंत्र बाजारात आणणं म्हणजे भर पावसाळ्यात पाण्याचा टँकर विकायला काढण्यासारखं होतं. २०१७मध्ये ‘सारेगामा’ने, म्हणजे आपल्या जुन्या ‘एचएमव्ही’ने, नेमकं तेच केलं.

‘कारवाँ’ हे त्या यंत्राचं नाव. रूप जुन्या रेडिओचं, पोटात पाच हजार जुनी हिंदी गाणी. इंटरनेट नको, नोंदणी नको, पासवर्ड नको. लता, आशा, किशोर, रफी अशा नावांवर बटण फिरवायचं आणि ऐकत बसायचं. अमीन सायानींची ‘गीतमाला’सुद्धा आत होतीच. किंमत सहा हजारांच्या घरात. पहिल्या दोन-तीन वर्षांतच दहा लाखांहून जास्त कारवाँ खपले; मराठी, बंगाली, तमिळ अशा आवृत्त्याही निघाल्या. घेणाऱ्यांमध्ये आई-वडिलांना भेट म्हणून देणाऱ्या मुलामुलींचा वाटा मोठा होता. यातली बहुतेक गाणी त्याच आई-वडिलांच्या फोनवर फुकटात वाजू शकत होती. तरीही लोकांनी पैसे मोजले. कशासाठी?

याचं उत्तर शोधायचं तर चाळीसेक वर्षं मागे, तोक्योला जावं लागतं.

वजाबाकीतून जन्म

सोनी कंपनी तेव्हा ‘प्रेसमन’ नावाचा, पत्रकारांना मुलाखती टिपायला सोयीचा असा छोटा टेपरेकॉर्डर विकत होती. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं. त्यांच्यासाठी अभियंत्यांनी प्रेसमनमधली रेकॉर्डिंगची सोय काढून टाकली, स्टिरिओ आवाजाची घातली. कंपनीतल्याच अनेकांनी डोक्याला हात लावला. जो टेपरेकॉर्डर रेकॉर्डच करत नाही, तो घेणार कोण? दुसरे संस्थापक अकिओ मोरिता मात्र हटले नाहीत. १ जुलै १९७९ रोजी ३३ हजार येन किमतीचा वॉकमन जपानात विक्रीला आला. पहिल्या महिन्यात जेमतेम तीन हजार खपले. ऑगस्ट संपता संपता पहिले तीस हजार संपलेही होते.

त्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावता येत. एक नारिंगी बटण दाबलं की गाणं हळू होई आणि ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता येई. चारचौघांत एकट्यानेच गाणं ऐकणं लोकांना असभ्य वाटेल, अशी मोरितांना धास्ती होती. लोकांना तसं काही वाटलं नाही. त्यांना एकट्यानेच ऐकायचं होतं. पुढच्या मॉडेलमधून ते बटण गेलं. आपल्याकडे वॉकमन आला तो बहुतेक करून आखातातून परतणाऱ्या काकामामांच्या बॅगेतून, नाहीतर बोटीवर कामाला असलेल्या गोवेकरांबरोबर. घरात टू-इन-वन असे, त्यावर सगळ्यांचा हक्क. वॉकमनवर मात्र एकाचाच. कॅसेटचे वीस कोटींहून अधिक वॉकमन विकून सोनीने २०१०मध्ये जपानसाठीचं त्यांचं उत्पादन थांबवलं.

तोवर कॅसेटची जागा फाइलने घेतली होती. १९९८मध्ये कोरियाच्या साइहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आला. त्यात ३२ मेगाबाइटची जागा, म्हणजे साध्या दर्जाची आठ-दहा गाणी. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने ३९९ डॉलरचा आयपॉड आणला आणि ‘खिशात हजार गाणी’ अशी त्याची जाहिरात केली. २००८च्या आर्थिक वर्षात ॲपलने जवळपास साडेपाच कोटी आयपॉड विकले. तो त्याचा कळस होता, कारण आदल्याच वर्षी त्याचा वारस जन्माला आला होता. ९ जानेवारी २००७ला स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनची ओळख करून दिली, ती तीन वस्तू एकात म्हणून: आयपॉड, फोन आणि इंटरनेटचं साधन. यादीत पहिलं नाव आयपॉडचं होतं. १० मे २०२२ रोजी ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद करत असल्याचं जाहीर केलं.

वॉकमन वजाबाकीतून घडला होता, फोन बेरजेतून. कॅमेरा, घड्याळ, बँक, टपाल, नकाशा आणि या सगळ्यांच्या रांगेत गाणंही.

आवाजाचा हिशेब

वेगळ्या प्लेअरची बाजू मांडणारे पहिला मुद्दा आवाजाचा काढतात. तो नीट तपासायला हवा, कारण सर्वांत जास्त पैसे याच मुद्द्यावर उडवले जातात.

फाइलमधलं गाणं म्हणजे आकडे. ते कानाला ऐकू येण्याआधी त्या आकड्यांचा विजेच्या लहरींत अनुवाद व्हावा लागतो. हे काम करणाऱ्या चिपला ‘डॅक’ म्हणतात. त्या लहरींना हेडफोन हलवण्याइतकं बळ देतो तो ॲम्प्लिफायर. चांगल्या प्लेअरमध्ये या दोन्ही गोष्टींवर खर्च केलेला असतो. फोनमध्ये पूर्वी त्या कामचलाऊ असत आणि आता बऱ्याच फोनना हेडफोनचं भोकच नसतं. २०१६मध्ये आयफोन ७मधून ते गेलं आणि मग एकेक करून इतरांनीही काढलं.

पण ही उणीव भरून निघणं सोपं आहे. फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावायची बोटभर वायर मिळते, तिच्या टोकातच छोटा डॅक बसवलेला असतो. बाजारात तिला ‘डोंगल’ म्हणतात. ॲपलचा साधा डोंगल हजार-बाराशे रुपयांत मिळतो आणि मोजमापात तो कित्येक महागड्या यंत्रांच्या पंक्तीला बसतो. साध्या इअरफोनसाठी यापलीकडे काही लागत नाही. तीनशे ओमचा ‘सेनहायझर एचडी ६००’सारखा मोठा हेडफोन असेल, तर मात्र असा डोंगल कमी पडतो. तिथे प्लेअरचा दणकट ॲम्प्लिफायर कामी येतो. त्या ताकदीला एक जोखीमही चिकटलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे. आयफोनसारखे फोन हा हिशेब ठेवून इशारा देतात. बहुतेक प्लेअर देत नाहीत.

आणि वायरलेस? इथे अनेकांची फसगत होते. ब्लूटूथ हेडफोन लावला की आकड्यांचा अनुवाद हेडफोनच्या आतला डॅक करतो. प्लेअरमधला भारीतला डॅक तेव्हा नुसता बसून असतो. शिवाय हवेतून पाठवण्यासाठी गाणं आधी दाबून लहान करावं लागतं. सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात; सोनीची ‘एलडॅक’ पद्धत फार तर ९९० पाठवते आणि नेहमीच्या पद्धती त्याहून बऱ्याच कमी. ज्यांना तार नकोच आहे, त्यांनी आवाजाच्या नावाखाली महाग प्लेअर घेऊ नये.

राहिला प्रश्न ‘हाय-रेझ’चा, म्हणजे सीडीपेक्षाही बारीक तपशिलात साठवलेल्या संगीताचा. अमेरिकेतले मेयर आणि मोरन यांचा एक प्रयोग २००७मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यांनी हाय-रेझ डिस्कचा आवाज कधी थेट, तर कधी सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवला आणि कोणता कुठला ते ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते.

या हाय-रेझच्या आशेवर गायक नील यंग यांनी ‘पोनो’ नावाचा तिकोनी प्लेअर काढला होता. २०१४मध्ये लोकवर्गणीतून त्यासाठी साठ लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. किंमत ३९९ डॉलर, गाणी पुन्हा वेगळी विकत घ्यायची. २०१७मध्ये तो प्रकल्प गुंडाळावा लागला. तरीही हौसेला मोल नसतं. सोनीने २०१६मध्ये ‘डब्ल्यूएम१झेड’ आणला. त्याचं अंग तांब्याचं, वर सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम आणि किंमत तीन हजार डॉलरच्या वर. खिशात घालायचं म्हटलं तर शर्ट एका बाजूला लोंबेल.

गाणं कोणाच्या मालकीचं?

आवाजाच्या आघाडीवर फोन बराचसा टिकतो. त्याचं पारडं हलकं होतं ते दुसरीकडे.

‘रेसो’ हे गाण्यांचं ॲप भारतात ३१ जानेवारी २०२४ला बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलने ‘विंक’ गुंडाळायचं ठरवलं. वर्षानुवर्षं निगुतीने लावलेल्या गाण्यांच्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या. मार्च २०२३मध्ये करार न जमल्यामुळे झी म्युझिकची गाणी काही काळ स्पॉटिफायवरून गायब झाली होती. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणंही आपलं नसतं. ते कुलूपबंद असतं, दुसरीकडे नेता येत नाही. स्पॉटिफायवर तर तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला हजेरी लावावी लागते, नाहीतर तेही वाजेनासं होतं.

प्लेअरचा पाया याच्या उलट आहे. त्यात आपल्या फाइली असतात. सीडीतून उतरवलेल्या, विकत घेतलेल्या, आजोबांच्या कॅसेटवरून मुलाने संगणकात घेतलेल्या. तासाभराचं संगीत सीडीच्या दर्जाला साधारण ६३५ मेगाबाइट होतं. ‘फ्लॅक’ प्रकारात काहीही न गमावता ते साडेतीनशेच्या आसपास येतं. म्हणजे १२८ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डात साडेतीनशे तास मावतात. कार्डात गाणी भरणं आपल्याला नवीन नाही. स्मार्टफोन घरोघर पोहोचण्याआधी एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुकानांत दहा-वीस रुपये दिले की कार्ड भरून मिळत असे. त्या गाण्यांच्या कायदेशीरपणाबद्दल न बोललेलं बरं. पण कार्ड खिशात असलं की रेंजची फिकीर नसे.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हा फरक जास्त जाणवतो. विलंबित ख्याल पाऊण तास हळूहळू उलगडत जातो. त्यात विसाव्या मिनिटाला कुरिअरवाल्याचा फोन आला तर नुसतं गाणं थांबत नाही, बांधत आणलेली बैठकच मोडते. फोन विमान मोडवर टाकला की काम झालं, असं कोणी म्हणेल. म्हणणं खरं आहे. पण मोड बदलायला हातात घेतलेला फोन तसाच खाली ठेवणारे किती? गाणं लावायला उचललेल्या फोनवर आधी एखादा संदेश दिसतो, मग त्याला उत्तर जातं, आणि दहा मिनिटांनी आपण काय लावणार होतो ते आठवत नाही.

विनोद असा की, आजचे बरेच प्लेअर हीच चूक नव्याने करतात. चीनच्या ‘फिओ’, ‘हायबाय’ वगैरे कंपन्यांचे आणि खुद्द सोनीचेही कितीतरी प्लेअर अँड्रॉइडवर चालतात. त्यात स्ट्रीमिंगची ॲपं टाकता येतात, वाय-फाय असतं, जगभराच्या सूचना वाजू शकतात. सोनीचा ‘ए३०६’ भारतात २०२३मध्ये सुमारे २६ हजारांना आला, तोही याच जातीचा. असं यंत्र म्हणजे बोलायची सोय नसलेला फोनच. ज्यांना शांतता हवी आहे, त्यांनी नुसत्या बटणांचा आणि कार्डाचा साधा प्लेअर पाहावा. तो यापेक्षा बराच स्वस्तही पडतो. काही हौशी मंडळी तर जुने आयपॉड शोधून काढतात, आतली फिरती डिस्क काढून मेमरी कार्ड बसवतात, बॅटरी बदलतात आणि ‘रॉकबॉक्स’ नावाची मोफत प्रणाली घालून ते पुन्हा वापरात आणतात.

मग घ्यायचं काय?

ॲपवरच गाणी ऐकणाऱ्याला आणि वायरलेस इअरफोन वापरणाऱ्याला फोन पुरेसा आहे. त्याने हाती पैसे असतील तर ते चांगल्या इअरफोनवर घालावेत. आवाजात सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. तारेचा हेडफोन आवडणाऱ्याने आधी डोंगल घेऊन पाहावा. स्वतःचा मोठा संग्रह असलेल्याला, जड हेडफोन वापरणाऱ्याला आणि ऐकताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवू इच्छिणाऱ्याला प्लेअर घेणं परवडतं. आणि घरातल्या ज्येष्ठांना पडद्यावर बोटं फिरवून गाणं शोधणं जड जात असेल, तर कारवाँच्या जातीचं यंत्र कुठल्याही महागड्या प्लेअरपेक्षा जास्त वाजेल.

तरीही दुकानातला सोनेरी प्लेअर मोह घालत असेल, तर पाकीट काढण्याआधी एक तास खर्च करावा. ओळखीत कोणाकडे असा प्लेअर असेल तर तो मागून आणावा. ओळखीचं एकच गाणं, एकच हेडफोन. एकदा प्लेअर, एकदा डोंगल लावलेला फोन. दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर आणावा, कारण जरा मोठं वाजणारं यंत्र कानाला नेहमी सरस वाटतं. डोळे मिटून बसावं आणि तार कशात लावायची ते घरातल्या कोणाला तरी ठरवू द्यावं. दहा वेळा ऐकून दहा उत्तरं कागदावर लिहावीत. नऊ-दहा बरोबर आली तर खुशाल प्लेअर घ्यावा. पाच-सहाच आली, तर त्या पैशांत सवाई गंधर्व महोत्सवाचं तिकीट काढावं आणि उरलेल्यातून बरासा इअरफोन घ्यावा.