गावच्या कर्मशाळेसाठी द्रवदाब यंत्राची निवड

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा आणि त्याच्या आसपासच्या गावांत आता शेतीची बरीच कामे यंत्रांवर होतात. नांगरट व मशागत ट्रॅक्टरने, पेरणी पेरणी यंत्राने आणि सोयाबीन, तूर व हरभऱ्याची मळणी मळणी यंत्राने करण्याचा प्रघात पडला आहे. यंत्र आले की त्याच्यामागोमाग दुरुस्तीही येते. पूर्वी गाडीची धाव, कुळवाची पास किंवा नांगराचा फाळ गावचा लोहार गावातच दुरुस्त करून देई. आज मात्र रोटाव्हेटरचे एखादे बेअरिंग बसवावयाचे झाले तरी तालुक्याची वा जिल्ह्याची वाट धरावी लागते. ऐन पेरणीत वापसा आलेला असताना, किंवा मळणीच्या वेळी आभाळ भरून आले असताना, असे दोन दिवस वाया गेले तर त्याची किंमत बेअरिंगच्या किंमतीपेक्षा कितीतरी अधिक होते.

गावातील होतकरू मिस्त्रीने किंवा लोहाराने आपल्या घरच्या कर्मशाळेत लहानसे द्रवदाब यंत्र, म्हणजेच हायड्रोलिक प्रेस, ठेवल्यास ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते. परंतु बाजारात निरनिराळ्या ताकदीची व किंमतीची यंत्रे मिळतात आणि त्यांवर लिहिलेल्या टनांच्या आकड्याला भुलून खरेदी होण्याचा संभव असतो. कोणते यंत्र परवडेल व कोणते टिकेल, हे ठरविण्यासाठी काही गोष्टी शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्या येथे दिल्या आहेत.

यंत्राचे तत्त्व

वऱ्हाडातील कापूस उत्पादकाला ‘प्रेस’ हा शब्द नवा नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात मोकळी रुई दाबून तिची सुमारे १७० किलोची घट्ट गाठ बांधतात, ती याच जातीच्या यंत्राने. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. त्याच्या आधारे इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ साली द्रवदाब यंत्राचे पेटंट घेतले.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, पंपाच्या लहान दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर आहे व मोठ्या दट्ट्याचा ६० मिलिमीटर. व्यास पाचपट असला तरी क्षेत्रफळ पंचवीसपट होते. त्यामुळे लहान दट्ट्यावर दिलेला जोर मोठ्या दट्ट्यावर पंचवीसपट होऊन मिळतो. त्यातच पंपाच्या दांड्याच्या तरफेने जोर वीसपट वाढत असेल, तर एकूण वाढ पाचशेपट होते. म्हणजे हाताने ४० किलोचा जोर लावला असता २० टन दाब उत्पन्न होतो. अर्थात हे फुकट मिळत नाही. लहान दट्ट्या २० मिलिमीटर खाली गेला तर मोठा दट्ट्या एक मिलिमीटरही सरकत नाही. एक इंच सरकण्यासाठी तीसहून अधिक वेळा दांडा मारावा लागतो. गावच्या कामाला ही संथ गती दोष नसून गुणच आहे, कारण भाग वाकडा बसू लागला तर वेळीच हात थांबविता येतो.

प्रेसची खरी गरज कोठे?

प्रथम हे पाहावे की प्रेसवाचून होणारी कामे कोणती. मळणी यंत्रावरील प्लमर ब्लॉकमधील बेअरिंगे पुष्कळदा स्क्रूने आवळलेली असतात. ती काढण्याबसविण्यास प्रेस लागत नाही. विजेच्या लहान मोटारीचे बेअरिंग साध्या पुलरने निघते. ज्याच्याकडे एवढीच कामे येतात, त्याने चांगला पुलर व पान्यांचा संच घ्यावा, प्रेसमध्ये पैसा अडकवू नये.

प्रेसची गरज लागते ती घट्ट बसविलेल्या भागांसाठी. ट्रॅक्टरच्या पुढील आसाचे बुश, किंगपिन, रोटाव्हेटरच्या गिअरपेटीतील बेअरिंगे, वाकलेल्या पिना व लहान शाफ्ट ही त्यांतील प्रमुख कामे होत. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवितात व निवल्यावर ती चाकाला आवळून बसते, हे आपणांस ठाऊकच आहे. बुश व बेअरिंगे याच न्यायाने बसविलेली असतात. भोकापेक्षा आत जाणारा भाग केसभर जाड ठेवलेला असतो.

अशा ठिकाणी घणाचा उपयोग केल्यास नुकसान होते. घणाचा आघात एका बाजूने बसतो व भाग तिरपा जाऊन अडकतो. बेअरिंगवर घाव बसला तर गोळ्यांचे ठसे तिच्या कड्यांवर उमटतात. बाहेरून बेअरिंग नवी दिसते, परंतु थोड्याच दिवसांत आवाज करू लागते व पुन्हा खर्चात पाडते.

किती टनांचे यंत्र घ्यावे?

४० मिलिमीटर व्यासाची पोलादी पिन, भोकापेक्षा ०.०४ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पोलादी भागात ४० मिलिमीटर लांबीपर्यंत बसवावयाची आहे, असे समजू. हिशेबाने यास सुमारे पावणेपाच टन दाब लागतो. मात्र तीच पिन चारपाच पावसाळे चिखलात काढून गंजल्यावर बाहेर काढावयाची झाली, तर दुप्पट-तिप्पट दाबाचीही तयारी ठेवावी लागते. म्हणजे गरज दहा ते पंधरा टनांपर्यंत जाते.

यावरून ट्रॅक्टर व अवजारांच्या दुरुस्तीसाठी २० टनांचे, हाताने चालणारे यंत्र पुरेसे ठरते. केवळ मोटारी, पंप व लहान बेअरिंगे यांचेच काम असेल तर १० टन पुरतात. ५० टनांचे यंत्र मोठ्या गॅरेजला शोभते. घरच्या कर्मशाळेत त्याची जादा ताकद क्वचितच उपयोगी पडते आणि किंमत व जागा मात्र अडवून बसते. वीज असली-नसली तरी हातपंप चालतो, म्हणून विजेवरील पंपाचा मोह पहिल्या खरेदीत टाळावा.

पैसा चौकटीत घालावा

द्रवदाब यंत्राची ताकद जॅकवर लिहिलेली असते, परंतु माणसाची सुरक्षितता चौकटीवर अवलंबून असते. जॅक २० टनांचा असला तरी ज्या तुळया तो दाब सोसणार त्या कच्च्या असतील, तर ते यंत्र २० टनांचे नव्हे. स्वस्त यंत्रात काटकसर बहुधा येथेच केलेली असते.

दोन खांबांमधील अंतर ५० सेंटिमीटर असून मधोमध २० टन भार आला, तर खालच्या तुळईची स्थिती काय होते ते पाहा. तुळई दोन लोखंडी चॅनेलांची धरली आहे व चॅनेल उभे ठेवले आहेत. साधे बांधकामाचे पोलाद दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २,५०० किलो ताणावर कायमचे वाकू लागते. कामासाठी त्याच्या दोन-तृतीयांशापर्यंतच, म्हणजे सुमारे १,६५० किलोपर्यंत जावे, असा दंडक आहे.

१०० मिलिमीटर उंचीचे दोन चॅनेल : ताण सुमारे ३,३५० किलो. तुळई वाकणार.
१२५ मिलिमीटर उंचीचे दोन चॅनेल : ताण सुमारे १,८८० किलो. मर्यादेबाहेर.
१५० मिलिमीटर उंचीचे दोन चॅनेल : ताण सुमारे १,२०० किलो. सुरक्षित.

तेव्हा दुकानात गेल्यावर प्रथम मोजपट्टी लावून चॅनेलची उंची मोजावी. रंगाची चकाकी पाहून निर्णय घेऊ नये. तुळई ज्या दोन पिनांवर टेकते त्या पिनांचा व्यासही मोजावा. २५ मिलिमीटरची पिन या भाराला जेमतेम पुरते, ३० मिलिमीटरची असावी. तुळईचे दोन्ही चॅनेल पट्ट्यांनी परस्परांस बांधलेले असावेत, नाहीतर भाराखाली ते पिळतात. कामाखाली ठेवावयाच्या पोलादी ठोकळ्यांची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. बिडाचे ठोकळे मुळीच वापरू नयेत. बीड वाकत नाही, एकदम फुटते.

विकत घ्यावे की करवून घ्यावे?

तयार यंत्र परवडत नसल्यास बाजारातून चांगला जॅक घेऊन चौकट करवून घेता येते. तुळया ७० सेंटिमीटर व खांब दीड मीटर उंचीचे धरले, तर वरची तुळई, खालची तुळई आणि दोन खांब मिळून १५० मिलिमीटर चॅनेलचा सहा मीटर लांबीचा एकच नग पुरतो. त्याचे वजन सुमारे १०० किलो भरते. त्या दिवसाच्या लोखंडाच्या दराने गुणले की मुख्य मालाचा खर्च कळतो. त्यात पाये, पिना, ठोकळे, स्प्रिंगा व वेल्डिंगची मजुरी मिळवावी व एकूण रकमेची तयार यंत्राच्या किंमतीशी तुलना करावी. फरक थोडा असेल तर हमीसह तयार यंत्र घेणे श्रेयस्कर होय. वेल्डिंग मात्र अनुभवी कारागिरानेच केले पाहिजे. नकाशा जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकास दाखवून घ्यावा.

एक चूक सर्रास होते, ती टाळावी. साधा बॉटल जॅक उलटा टांगून चालत नाही, कारण उलटा केल्यावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणून जॅक सरकत्या आडव्या पाटावर सरळ उभा ठेवतात. त्याचा दट्ट्या वरच्या तुळईला रेटतो व त्यामुळे पाट खाली जाऊन कामावर दाब देतो. दाब सोडला की दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा पाटाला वर ओढतात.

दाबमापक अवश्य बसवावा. तो नसेल तर मिस्त्री अंधारात काम करतो. ६० मिलिमीटर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर असते. मापकावर ३५० किलोचा दाब दिसला की कामावर सुमारे १० टन आले असे समजावे. मात्र ज्या जॅकला मापकाची जोडणी नाही, त्यास गावठी रीतीने भोक पाडू नये. जोडणी असलेलाच जॅक घ्यावा.

जुने यंत्र घेताना

१. दट्ट्या पूर्ण बाहेर काढून पाहावा. त्यावर उभे चरे किंवा गंजाचे खड्डे असतील तर तेलगळती होणारच.
२. निम्मा भार देऊन दहा मिनिटे तसेच ठेवावे. मापकाचा काटा भराभर उतरत असेल तर झडप किंवा सील खराब आहे.
३. तुळईवर दोरा ताणून धरावा. मध्ये पोक आलेला असल्यास ती चौकट पूर्वी मर्यादेबाहेर दाबली गेली आहे. अशी चौकट घेऊ नये.
४. वेल्डिंगच्या जोडांजवळ रंग तडकला आहे काय ते पाहावे.
५. सीलचा संच कोठे मिळतो याची चौकशी आधीच करावी. सुटे भाग न मिळणारे यंत्र स्वस्तात मिळाले तरी महागच पडते.

तेल हायड्रोलिकचेच वापरावे. त्यात ब्रेकचे तेल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.

जिवाची काळजी

प्रेस आवाज करीत नाही, म्हणून तिच्या धोक्याची जाणीव होत नाही. बेअरिंगचे कडे कठीण पोलादाचे असते. वेडावाकडा दाब आला तर ते फुटून त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. म्हणून शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या बेअरिंगवर दाब देताना तो आतल्या कड्यावरच द्यावा. घरात घट्ट बसणाऱ्या बेअरिंगला तो बाहेरच्या कड्यावर द्यावा. गोळ्यांमधून दाब कधीही जाऊ देऊ नये. कामासमोर जाड पत्र्याचा आडोसा लावावा, डोळ्यांस चष्मा घालावा व रेषेत उभे न राहता बाजूस उभे राहावे. पाना, नट किंवा लोखंडाचे तुकडे एकावर एक रचून अंतर भरून काढू नये. ते निसटले तर अपघात ठरलेलाच. भाग हलत नाही आणि काटा चढतच आहे, असे दिसताच थांबावे. आतील चकती किंवा पिन काढावयाची राहिली आहे काय ते तपासावे. दांड्याला नळी जोडून लांबी वाढवू नये. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

एकट्याने की मिळून?

एका ट्रॅक्टरच्या मालकास स्वतंत्र प्रेस बाळगणे परवडण्याजोगे नाही. गावात अवजारे बँक, शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी असेल तर तिने अवजारांबरोबरच एक प्रेस ठेवावी आणि ती चालविण्यास शिकलेला एकच मिस्त्री नेमावा. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या लोहारांसाठी केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना उपयोगी पडू शकते. तीतील अठरा व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तीत तरतूद आहे. पात्रतेच्या अटी ग्रामपंचायतीत समजून घ्याव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत एक काम हाती घ्यावे. गेल्या हंगामात आपल्या गावातील कोणती यंत्रे, कोणत्या भागासाठी, किती दिवस बंद पडली याची यादी करावी. तीत घट्ट बसणाऱ्या भागांची कामे पुष्कळ असतील तर प्रेस अवश्य आणावी. तशी कामे थोडी असतील तर पुलरवर भागवावे. प्रेस घ्यावयाची ठरल्यास ती उन्हाळ्यातच घ्यावी, जुन्या भागांवर हात बसवून घ्यावा व मृगापूर्वी ती कामास सज्ज ठेवावी.