कोयत्याला पाणी कोण देतं?

दसरा सरला की गेवराई तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्या निघायच्या तयारीला लागतात. मुकादमाची उचल घेतली, बिऱ्हाड बांधलं, तरी एक काम राहतंच : कोयता. पुढचे चार-पाच महिने पोट त्याच्याच धारेवर चालायचं असतं.

कोयत्यासाठी लोहार बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा निवडतो. त्या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, म्हणून धार टिकते. भात्यावर लाल झालेला तुकडा सांडशीनं ऐरणीवर येतो. धरणारा हातोडीनं जिथं खूण करेल तिथंच समोरचा घण पडतो. घिसाड्यांच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या लोहारांच्या, पालावर तो घण अनेकदा घरची बाई मारते.

घडाई झाली की खरी परीक्षा. सुमारे ८०० अंशांच्या पुढं तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळही. तसंच वापरलं तर उसाच्या बुडख्यावर धारेला खांडं पडतील. म्हणून जाणता कारागीर फक्त धारेची बाजू बुडवतो आणि पाठीतली आच हळूहळू धारेकडं उतरू देतो. घासलेल्या पोलादावर आधी फिका पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा २२० ते २३० अंशांचा, निळा ३०० च्या आसपासचा. हवा तो रंग दिसताक्षणी पातं पुन्हा पाण्यात. कारखाना ज्यासाठी तापमापक लावतो, ते इथं नजरेवर ठरतं.

गावगाड्यात लोहार बलुतेदार होता. फाळ शेवटून द्यायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा. ट्रॅक्टर आला, लाकडी नांगर गेला, तसं हे काम आटलं. घिसाड्यांना तर एका गावाचा आधारही नव्हता.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मात्र ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. आज या गावात, उद्या त्या गावात पाल टाकणाऱ्याला आपलं कोण म्हणणार? जिथं पाल असेल तिथंच त्याची नोंद व्हायला हवी. आणि आयटीआयच्या कार्यशाळेत या कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलावलं पाहिजे. पोलादाचा रंग वाचणारी नजर पुस्तकातून येत नाही. ती ऐरणीशेजारी उभं राहूनच शिकावी लागते.