रविवारी घरात वाचावे असे काही

पैशावरची पुस्तके म्हणजे शेअरबाजारवाल्यांची, असा आपल्या वस्त्यांतून समज आहे. आमचे म्हणणे उलटे आहे. ज्याच्या हाती पैसा थोडा, त्यालाच त्याचे गणित जास्त कळले पाहिजे. म्हणून या सुटीसाठी काही वाचन सुचवीत आहोत. मूळ लेखन इंग्रजी आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी वाचावे, जेवणे झाल्यावर घरच्यांना मराठीत सांगावे, आणि आईबापांनी मध्येच हटकून प्रश्न विचारावेत.

पहिले, 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' (२००९). चार लेखकांचे हे पुस्तक बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतील अडीचशेवर गरीब कुटुंबांच्या हिशेबावर उभे आहे. या कुटुंबांकडे वर्षभर साधारण पंधरा दिवसांनी जाऊन पै-पैची नोंद केली गेली. आपल्या देशातील घरे दिल्लीच्या झोपडपट्टीतली आणि उत्तर प्रदेशच्या खेड्यांतली. गरीब माणूस आले ते उडवतो, असे म्हणणाऱ्यांना यात चोख उत्तर आहे. वर्षात चारांपेक्षा कमी मार्गांनी पैसा फिरवणारे एकही घर सापडले नाही. भिशी, दुकानाची उधारी, मालकाकडून उचल, शेजारणीकडे ठेवलेले चार पैसे, सारे एकाच वेळी चालू. मिळकत कमी हे दुखणे आहेच. पण ती येण्याचा नेम नाही, हेही तितकेच मोठे दुखणे. नाक्यावर उभे राहणाऱ्याला हे सांगायला नको. पावसात काम बंद आणि शाळेचा खर्च नेमका जूनमध्ये!

याच चौघांपैकी स्टुअर्ट रदरफर्ड यांचे 'द पुअर अँड देअर मनी' (२०००) छोटे आहे. त्यात विजयवाड्याच्या झोपडपट्टीत दारोदार फिरून बचत गोळा करणारी एक बाई भेटते. कार्डावर २२० घरे, दर घराला समजा ५ रुपये. जमले ११०० की ती १००० परत देते, १०० तिची मजुरी. हिशेब केला तर वर्षाला सुमारे ३० टक्के उलटे व्याज! आपल्याकडच्या पिग्मीवाल्याची आठवण येईल, पण पिग्मीत पदरचे जात नाही. या बायकांना हसू नये. घरात ठेवलेला पैसा राहत नाही आणि बँकेत जायचे तर खाडा पडतो, म्हणून त्या मजुरी देतात. मात्र पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडते, हेही घरात बोलून घ्यावे.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांचे 'पुअर इकॉनॉमिक्स' (२०११) जाडजूड आहे, सवडीने वाचा. उदयपूरजवळच्या खेड्यांत मुलांना लस टोचली की आईला किलोभर डाळ दिली, तेव्हा काय घडले तेवढे प्रकरण तरी चुकवू नका.

आणि बाबासाहेबांचा १९१८ सालचा लहान शेतीवरील निबंध. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात यावर ठरते, असे ते मांडतात. जमिनीवर माणसांचा भार फार आहे, तो उद्योगांनी उचलला पाहिजे, हा त्यांचा उपाय. भावाभावांत वाटून गुंठ्यांवर आलेल्या जमिनीची बोलणी ज्या घरात चालू आहेत, तिथे आधी हा निबंध वाचावा. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या पहिल्या खंडात तो आहे. वाचनालयात मागून पाहा.