वडिलांची राजदूत : ठेवायची की विकायची?

मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांच्या घरी जिन्याखाली आजही एखादी जुनी मोटारसायकल उभी दिसते. कुठे राजदूत, कुठे येझदी, कुठे यामाहा आरएक्स १००. याच गाड्यांवर सुताची पोती आणि कापडाचे ताके बांधून एका पिढीने धंदा उभा केला. आता माल टेम्पोने जातो, मुले स्कूटर चालवतात, आणि दर ईदच्या साफसफाईला वाद निघतो. तरुण म्हणतात विका, मोठे म्हणतात राहू द्या.

या वादात मूळ प्रश्न राहून जातो. गाडी आहे कोणाची?

बहुतेक घरांत आरसी बुक मरहूम वडिलांच्या नावावर असते आणि किल्ली थोरल्या मुलाच्या खिशात. शरीअतप्रमाणे अशी गाडी तरक्यात येते. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतील वसीयत, आणि उरलेल्यात सर्व वारसांचा हिस्सा. घर-दुकानाच्या वाटणीला निदान बहिणीला बोलावतात तरी. मोटारसायकल मात्र ‘भंगार’ म्हणून सोडून देतात. एके काळी ती खरोखर वजनावर जात असे. आता तसे नाही. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, आरएक्स १०० देखील त्याच वर्षी थांबली, आणि शौकीन लोक अशा चालू गाड्यांना चांगले पैसे देतात.

समजा गाडीची किंमत ८०,००० रुपये ठरली. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण आहेत आणि आजी-आजोबा हयात नाहीत. आईचा आठवा हिस्सा म्हणजे १०,०००. उरलेल्या ७०,००० पैकी प्रत्येक भावाला २८,००० आणि बहिणीला १४,०००. चौदा हजार ही काही सोडून देण्याची रक्कम नव्हे.

आमच्या घरी राजदूत होती. मी दोन मिस्त्रींकडून किंमत काढून घेतली, आणि त्यांपैकी एकालाही ती विकत घ्यायची नव्हती, ही मुख्य गोष्ट. बहीण म्हणाली, “भाईजान, अब्बांच्या गाडीचे पैसे मी कशी घेऊ?” अशा वेळी भाऊ लोक खूश होऊन विषय संपवतात. उलेमांचा सल्ला असा की हिस्सा आधी तिच्या हातात ठेवावा. नंतर तिने आपखुशीने परत केला तर गोष्ट वेगळी. लाजेने सोडलेला हक्क हा सोडलेला हक्क नसतो. तिने पैसे ठेवून घेतले, आणि मला बरे वाटले.

हिस्से चुकते झाल्यावर मगच ठेवण्याचा विचार करावा. त्याला खर्च आहे. मालकाच्या मृत्यूची खबर आरटीओला तीस दिवसांत द्यायची असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलायचे असते. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नोंदणी वाढवावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीला त्याची फी २,००० रुपये झाली. त्यावर पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १५० ते ३५० सीसीच्या गाडीला २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर १,३६६ रुपये, जीएसटी वेगळा.

शिवाय पेट्रोल. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले मिळते. इथेनॉल पाणी ओढते. उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर खराब होतात. राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते, हे नव्या पंपवाल्या पोरांना सांगावे लागते. दोन-तीन महिने चालवायची नसेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

हा सारा खर्च घरखर्चात लिहावा, दुकानाच्या वहीत नव्हे. भाऊ-भाऊ भागीदार असतील तर हे जास्तच पाळावे, कारण एकाचा शौक दुसऱ्याच्या नफ्यातून पुरवणे ही खयानत आहे. जी गाडी महिन्यातून दोनदाही बाहेर निघत नाही ती ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोखंड उभे राहून मरते. तिचे काम जाणणारे मिस्त्रीही म्हातारे होत चालले आहेत; त्यांच्या हातात दम आहे तोवर गाडी चालवणाऱ्याला द्यावी. आमची राजदूत दर जुम्याला माग बंद असतात तेव्हा निघते, म्हणून ती राहिली.

विकायचे ठरले तर ऐब सांगून विका. इंजिन बदललेले असेल, टाकीला आतून डाग दिलेला असेल, ते गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगावे. घरच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, पण विकून हाती आलेली रक्कम जकातीच्या हिशेबात धरावी. आणि नमुना २९ व ३० वर नुसत्या सह्या करून मोकळे होऊ नका. आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते. बदललेल्या आरसीची प्रत हातात पडेपर्यंत थोडी रक्कम येणे ठेवावी आणि तसे लिहून घ्यावे.