वडिलांच्या सहवासाचे मोजके दिवस

जून महिन्यातील तिसरा रविवार अनेक देशांत 'फादर्स डे' म्हणून साजरा होतो. अमेरिकेतील स्पोकेन शहरी सोनोरा स्मार्ट डॉड या महिलेच्या प्रयत्नाने १९१० मध्ये या दिवसाचा प्रारंभ झाला. पत्नीच्या निधनानंतर सहा मुलांचा एकट्याने सांभाळ करणाऱ्या आपल्या पित्याविषयीची कृतज्ञता हे त्यामागचे निमित्त. १९७२ मध्ये तेथील शासनाने या दिवसाला कायमची मान्यता दिली. आपल्याकडे हा दिवस आला तो बऱ्याच उशिरा आणि शुभेच्छापत्रांच्या दुकानांतून.

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगरात हा रविवार मृग नक्षत्रात येतो. धरणाच्या हिशेबाचे नवे वर्ष १ जूनला सुरू झालेले असते, खोऱ्यात भाताच्या तरव्यांची लगबग असते आणि घरातील कर्ता पुरुष घरी बसण्याचे हे दिवसच नव्हेत. गेल्या सहा-सात दशकांत या खोऱ्यातील मुलांना वडिलांचा सहवास किती आणि कसा लाभला हे पाहू गेल्यास, तो नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी वेळापत्रकाने ठरला, असे दिसते.

पहिले वेळापत्रक मुंबईचे. पाटण आणि जावळीच्या डोंगराळ भागातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बाजारांत कामाला जात. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. या कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातीलच, आणि त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, खाणावळीत जेवायचे आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवायची, अशी ही राहणी होती. मुलांच्या लेखी वडील म्हणजे पोस्टमनने आणलेल्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरील चार ओळी. प्रत्यक्ष भेट गावची जत्रा, शिमगा आणि गौरी-गणपती एवढीच.

येथे पंचांगाने एक विलक्षण जुळणी करून ठेवली आहे. भाद्रपदाच्या शुक्ल पक्षात गणपतीसाठी मुंबईहून वडील घरी येत. पौर्णिमा उलटली की पितृपंधरवडा सुरू होई. हयात वडिलांच्या सहवासाचे दिवस आणि दिवंगत वडिलांच्या स्मरणाचे दिवस एकाच महिन्यात, एकमेकांना लागून. मुंबईकराची रजा लांबली तर स्वतःच्या वडिलांचे पान वाढूनच तो परतीची एस.टी. धरी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप चिघळत गेला आणि असंख्य कामगार गावी परतले. अनेक घरांतील मुलांना वडील प्रथमच सलग काही महिने लाभले. परंतु ते वडील खिन्न होते, आणि घरात पैसा नव्हता. सहवास वाढला म्हणजे तो सुखाचा झालाच, असे नाही.

दुसरे वेळापत्रक विजेचे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले जाते. १९६२ पासून येथे वीज निर्माण होऊ लागली आणि पुढील टप्पे पूर्ण होऊन प्रकल्पाची क्षमता एक हजार ९६० मेगावॉटच्या घरात गेली. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतात आणि तितक्याच सहज थांबविताही येतात. त्यामुळे राज्याची मागणी सर्वाधिक असते तेव्हा, म्हणजे प्रामुख्याने सकाळी व सायंकाळी, कोयनेवर भिस्त असते. याचा घरगुती अर्थ असा की, महाराष्ट्रातील इतर घरांत दिवे लागून वडील मुलांना घेऊन बसत, नेमक्या त्या वेळी कोयनेच्या वसाहतींतील कित्येक वडील कामाच्या पाळीवर असत. रात्रपाळीहून आलेल्या वडिलांची झोप मोडू नये म्हणून दबक्या आवाजात खेळणे, हाही सहवासाचा एक प्रकारच म्हणायचा.

तिसरे वेळापत्रक पाण्याचे, आणि ते सर्वांत कठोर. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या शिवसागर जलाशयाने शंभराच्या आसपास गावे विस्थापित केली. कुटुंबे सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे आणि तेव्हा कुलाबा म्हणविणाऱ्या रायगड जिल्ह्यात विखुरली. पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ चा. म्हणजे ही गावे उठली तेव्हा तो नव्हताच. या विस्थापनाचा हिशेब जमिनीत मांडला जातो, पण त्यात एक नोंद राहून गेली. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापुरात त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. भाताची चिखलणी, नाचणी-वरीच्या उतारावरील वाफा, पावसाचा अंदाज हे सारे ज्ञान मुलाच्या हाती देण्याची वेळ आली, तेव्हाच ते निरुपयोगी झाले. ज्वारीच्या रानात बाप आणि मुलगा दोघेही एकाच दिवशी शिकाऊ ठरले.

यानंतर ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या या धक्क्याने सुमारे १८० जणांचा बळी घेतला आणि कोयनानगरातील बहुसंख्य घरे निवासयोग्य राहिली नाहीत. त्या थंडीच्या पहाटे ज्यांचे पितृछत्र हरपले, त्यांपैकी जी मुले दोन-तीन वर्षांची होती, त्यांच्यापाशी वडिलांची स्वतःची अशी आठवण असणे कठीणच. बहुतेक माणसांच्या पहिल्या आठवणी तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच्या असतात, त्याआधीचे फारसे टिकत नाही, असे मानसशास्त्र सांगते. छायाचित्रे त्या काळी मोजक्याच घरांत. मग वडील उरतात ते आईच्या आणि चुलत्यांच्या सांगण्यात. घडलेला प्रसंग मोठ्यांनी मुलांशी पुनःपुन्हा, तपशिलाने बोलल्यास तो मुलांच्या स्मृतीत अधिक घट्ट बसतो, असेही या क्षेत्रातील अभ्यासांत आढळले आहे. वडिलांविषयी बोलणे टाळणाऱ्या घरांत दुःख कमी होत नाही, आठवण मात्र कमी होते.

आणि नाव तर उरतेच. मराठी माणसाच्या नावात वडील कायमचे मधोमध बसलेले असतात. कोयनेची उभारणी सुरू असताना राज्याचे नेतृत्व करणारे यशवंतराव चव्हाण यांचे वडील त्यांच्या बालपणीच वारले; तरी त्यांच्या पूर्ण नावाच्या प्रत्येक उच्चारात बळवंतराव येतातच. कोयनेच्या विस्थापितांसाठी हे मधले नाव केवळ भावनेचे नाही. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, वारस नोंद, शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण या साऱ्यांसाठी बुडालेल्या जमिनीच्या धन्याशी नाते सिद्ध करावे लागते. २०१८ मध्ये कोयनानगरात प्रकल्पग्रस्तांनी दीर्घकाळ ठिय्या दिला, तेव्हा बसलेल्यांत मूळ खातेदारांची मुले आणि नातवंडेही होती.

कागदावर गट आणि क्षेत्र असते. कोणत्या तुकड्याला घरात काय म्हणत, बांध कोणाशी सामाईक होता, देवळापासून पाणवठ्याकडे वाट कशी जाई, हे मात्र कागदावर नसते. ते सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. वडिलांशी बोलायचे काय, हा प्रश्न अनेक मुलांना पडतो. विशेषतः साताऱ्याकडील त्या घरांत, जेथे वडिलांना 'दादा', 'आबा' किंवा 'तात्या' म्हणत आणि त्यांच्यासमोर फार बोलण्याची रीत नव्हती. अशा वडिलांना 'तुम्हांला काय वाटले' असे विचारल्यास उत्तर सहसा मिळत नाही. 'आपली विहीर कुठे होती' असे विचारल्यास मिळते, आणि मग त्या विहिरीपाठोपाठ बैल, भांडण, लग्न, पूर असे सारे येते. हे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवणे आता कोणालाही अवघड नाही.

त्यासाठी वेळही ठरलेला आहे. मे महिन्याच्या अखेरीस जलाशय वर्षातील नीचांकाजवळ असतो, काठाची तांबडी जमीन बरीच उघडी पडते, आणि म्हाताऱ्या बोटाने पाण्यातील जागा दाखविणे तेव्हा सोपे जाते. मृगाचा पाऊस लागला की पाणी पुन्हा चढू लागते.