आजीची स्पॅनिश वर्गात

टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे अमेरिका आणि पलीकडे मेक्सिको. अलीकडच्या गावांतही बहुतेक घरांत स्पॅनिशच कानावर पडते. इथल्या विद्यापीठात या घरांतल्या मुलांसाठी स्पॅनिशचा वेगळा वर्ग भरतो. बाईंच्या परवानगीनं मी त्या वर्गात मागच्या बाकावर बसलो.

घरी बोलतात तीच भाषा पुन्हा का शिकायची, आणि तीही वेगळी बसून? सरसकट वर्गात काय होतं ते पाहिलं की कारण कळतं. इंग्रजी घरातला मुलगा क्रियापदांचे तक्ते घोकून आलेला असतो. घरून स्पॅनिश घेऊन आलेली मुलगी तीच रूपं बोलताना अचूक वापरते, पण या रूपाचं नाव काय, असं विचारलं की गप्प होते. परीक्षेत तो पुढे जातो आणि आपल्याला आपलीच भाषा येत नाही, अशी तिची समजूत होते. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत असे स्वतंत्र वर्ग वाढत गेले, ते या मुलांची गरज निराळी आहे हे शिक्षकांच्या लक्षात आल्यामुळे.

त्या दिवशीचा विषय होता स्वराघात. बाईंनी फळ्यावर ‘आब्लो’ हा शब्द दोनदा लिहिला. ‘आ’वर जोर दिला की ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला की ‘तो बोलला’. मुलांनी धडाधड वाक्यं म्हटली, एकही चुकलं नाही. मग श्रुतलेखन झालं, तेव्हा कितीतरी वह्यांत शेवटच्या स्वरावरची तिरपी रेघ गायब. बाईंनी वह्या मिटायला सांगितल्या. बाकावर बोटानं ठेका धरत शब्द म्हणायचा, जोर कुठे पडतो ते ऐकायचं. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. तो दुसरीकडे पडला तर रेघ द्यायची. परक्या विद्यार्थ्याला रेघ पाहून जोर कळतो. या मुलांना जोर आधीपासून ठाऊक असतो, त्यावरून ती रेघ शोधतात. शिकवण्याची दिशाच उलटी, आणि हे ज्या शिक्षकाला उमगलं त्याचा वर्ग बघता बघता पुढे जातो.

पुढचं काम होतं आजीच्या मुलाखतीचं. एका मुलीनं आजीचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. त्यात ‘मी आणलं’ या अर्थी ‘त्रुहे’ होतं. प्रमाण स्पॅनिशमध्ये आता ‘त्राहे’ म्हणतात. पण ‘त्रुहे’ सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पुस्तकांत सापडतं. खेड्यापाड्यांत ते टिकून राहिलं. बाईंनी त्यावर फुली मारली नाही, त्याचा इतिहास सांगितला. मग तीच हकिकत नगरपालिकेला द्यायच्या अर्जासारखी लिहायला लावली. मुलीनं ‘त्राहे’ लिहिलं, आजीची मुलाखतही तशीच जपून ठेवली. मला हे फार मोलाचं वाटलं.

कारण या मातीत उलटं घडून गेलं आहे. १९१८ साली टेक्सासनं सरकारी शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं गुन्हा ठरवलं. मुलांना मैदानात स्पॅनिश बोलल्याबद्दलही शिक्षा होत. याच खोऱ्यात वाढलेल्या ग्लोरिया आन्सालदुआ यांनी १९८७ च्या ‘बॉर्डरलँड्स’मध्ये लिहून ठेवलं आहे, की कॉलेजात त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना इंग्रजी उच्चारांतला स्पॅनिश हेल घालवण्यासाठी खास तास सक्तीचे होते. अशा आजी-आजोबांची नातवंडं आज या बाकांवर बसतात. लहानपणी दवाखान्यात, बँकेत आई-वडिलांसाठी दुभाष्याचं काम केलेली मुलंही त्यांत असतात. स्टॅनफर्डच्या ग्वादालूपे वाल्देस यांनी अशा बालदुभाष्यांचा अभ्यास केला आणि हे काम बुद्धिमत्तेची खूण मानलं. शाळेला मात्र त्यांचं चुकलेलं शुद्धलेखनच आधी दिसत आलं.

उत्तर अमेरिकेत आपल्या मराठी शाळाही सुट्टीच्या दिवशी भरतात, आणि तिथं शिकवणारे बहुतेकजण आपला वेळ खर्चून, हौसेनं शिकवतात. त्यांना एक विनंती आहे. घरून मराठी घेऊन आलेल्या मुलापुढे पहिल्याच दिवशी मुळाक्षरांचा तक्ता ठेवू नका. त्याला आजीनं सांगितलेली एखादी गोष्ट सांगू द्या, आणि ती वऱ्हाडीत असो की मालवणीत, आधी तशीच फळ्यावर लिहा.