श्रवणयंत्राची निवड : चिठ्ठीचे की बिनचिठ्ठीचे?

वार्धक्यामुळे ज्यांचे ऐकणे मंदावते त्यांची तक्रार बहुधा एकच असते : बोललेले ऐकू येते, पण कळत नाही. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ही तक्रार यथार्थ होय. स्वरांचा जोर मुख्यतः खालच्या कंपनसंख्येत असतो, तर ‘स’चा बराचसा ४,००० हर्ट्झच्या वर, आणि वयोमानाने प्रथम क्षीण होते ती उच्च कंपनांचीच संवेदना. त्यामुळे ‘साल’ व ‘शाल’ यांतील ‘आल’ स्पष्ट उमटते, आरंभीचे व्यंजन मात्र संदर्भावरून ताडावे लागते. आपले ऐकणे थोडेच उणावले आहे, असे त्या मनुष्यास मनापासून वाटते ते यामुळेच.

अमेरिकेतील नवी व्यवस्था नेमकी या वाटण्यावर उभी आहे. २०१७ च्या कायद्यास अनुसरून तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये नियम केले आणि त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरपासून काही श्रवणयंत्रे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मुभा मिळाली. वय १८ पूर्ण झालेले आणि आपली श्रवणहानी सौम्य वा मध्यम आहे असे ज्यांस वाटते, त्यांच्यासाठी ती आहेत. मोजणीची सक्ती नाही. यंत्राच्या आवाजास मात्र १११ डेसिबेलची मर्यादा आहे. मोठा आवाज आपोआप आवरणारी योजना चालू असल्यास ती ११७ होते.

चिठ्ठीच्या यंत्राचे वैशिष्ट्य यंत्रात कमी, ते जुळविण्याच्या रीतीत अधिक. श्रवणतज्ज्ञ निरनिराळ्या कंपनसंख्यांस किती हानी आहे हे मोजून श्रवणालेख काढतो व त्या मानाने प्रत्येक पट्ट्यातील ध्वनी वाढवितो. कानाच्या नळीत बारीक नलिका घालून पडद्याजवळ पोचणारा ध्वनी तपासण्याचीही सोय असते. बिनचिठ्ठीची काही यंत्रे मोबाइलवर कसोटी देऊन स्वतःस जुळविता येतात. इतरांत ठरीव पर्यायच असतात. सर्व ध्वनी सारखेच वाढले तर स्वर कर्कश होतात आणि ‘स’ होता तेथेच राहतो!

म्हणून बिनचिठ्ठीचे यंत्र त्याज्य ठरते असे नाही. मूळ मेडिकेअर योजनेत श्रवणयंत्राचा खर्च मिळत नाही. तेव्हा दुकानातील यंत्र की काहीच नाही, असाच प्रश्न पुष्कळांपुढे असतो. पण मोजणी आणि खरेदी या गोष्टी भिन्न आहेत. श्रवणालेख काढून घेऊन मग बिनचिठ्ठीचे यंत्र घेण्यास कोणतीच आडकाठी नाही, आणि बेताच्या हानीस तोच मार्ग शहाणपणाचा दिसतो. हानी तीव्र असल्यास त्या यंत्राचा जोर अपुरा पडतो. ऐकणे अकस्मात गेले, एकाच कानाचे उणावले, कान वाहू लागला किंवा भोवळ येऊ लागली, तर दोन्ही यंत्रे दूर ठेवून प्रथम कानाच्या डॉक्टरांकडेच जावे.